बर्व्यांच्या अक्षरातली पत्रं

महाराष्ट्रात निवडणूक जवळ आल्याची माझी खूण आचारसंहिता नाही, पत्र आहे. कुठल्यातरी पक्षाचं लेटरहेड, वर बोधचिन्ह, खाली सही, सहीच्या बाजूला जरा तिरका पडलेला शिक्का आणि वाचणाऱ्याच्या तोंडून आपसूक ‘मला वाटलंच होतं’ निघेल असा मजकूर. अमक्याचा राजीनामा, तमक्याला आतून पाठिंबा, एखाद्या समाजाबद्दल खासगीत काढलेले उद्गार. संध्याकाळपर्यंत संबंधित नेत्याचा खुलासा येतो. म्हणजे तेच पत्र, वर लाल अक्षरात आडवं ‘फेक’ असं लिहिलेलं. मग खोटं पत्र आहे की खुलासा, यावर दोन दिवस खल चालतो. तिसऱ्या दिवशी नवीन पत्र येतं.

मला त्या ‘मला वाटलंच होतं’बद्दल लिहायचं आहे. पण आजची पत्रं घेऊन लिहायला बसलं की दुसऱ्या परिच्छेदापर्यंत लेखक कुणाचा माणूस आहे हे वाचकाने ठरवलेलं असतं, आणि उरलेला लेख त्या चष्म्यातून वाचला जातो. त्यापेक्षा एकशेचाळीस वर्षांपूर्वीची पत्रं बरी. त्या प्रकरणातली दोन माणसं आता चौकाचौकात पुतळे होऊन उभी आहेत. ज्याच्यासाठी एवढं सगळं झालं, तो मात्र फारसा कुणाला आठवत नाही.

साल १८८१, गाव पुणे. २ जानेवारीला इंग्रजी ‘मराठा’ निघाला आणि ४ जानेवारीला मराठी ‘केसरी’. ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर, ‘मराठा’चे बाळ गंगाधर टिळक. मंडळींचे म्होरके विष्णुशास्त्री चिपळूणकर, ज्यांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांसकट अनेकांची सालं काढून झाली होती. टिळक आणि आगरकर दोघंही १८५६च्या जुलैतले, वयात नऊ दिवसांचा फरक. म्हणजे पंचविशीही न गाठलेली पोरं. वर्षभर आधी न्यू इंग्लिश स्कूल काढलेलं, त्यात पैसा नाही, आणि आता वर दोन वर्तमानपत्रं. माझ्या ओळखीत याच वयात, याच तोऱ्यात, चांगल्या पगारावर पाणी सोडून ‘काहीतरी आपलं’ काढणारे तीन-चारजण आहेत. फरक इतकाच की त्यांच्या सादरीकरणात देशाचं भलं सातव्या स्लाइडवर येतं, इथे ते पहिलीवर होतं.

तिकडे कोल्हापुरात गादीवर चौथे शिवाजी महाराज. जन्म १८६३चा. त्यांच्या आधीचे राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले, वय २०. त्यांच्यामागे १८७१ मध्ये हा मुलगा दत्तक घेतला गेला. आठ वर्षांचं पोर गादीवर, म्हणजे कारभार अर्थातच इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली. १८८१ साली मुलगा अठराचा झाला आणि कारभार त्याच्या हातात द्यायची वेळ आली. तेव्हा सरकारी बाजूचं म्हणणं असं की महाराजांचं डोकं ठिकाणावर नाही. लोकांचं म्हणणं असं की डोकं ठिकाणावर आहे, ते ठिकाणावरून हलवण्याचं काम चालू आहे. महाराजांचा छळ होतोय, त्यांना वेडं ठरवून बाजूला सारायचं घाटतंय, आणि या सगळ्यामागे आहेत दिवाण, रावबहादूर माधवराव बर्वे.

आता हे लोकांना खरं का वाटलं? आपण आज अशा वेळी चटकन म्हणतो, लोक मूर्ख असतात, त्यांना काहीही पाठवा. मला हे उत्तर पटत नाही. कोल्हापूरच्या बाबतीत तर अजिबात नाही. अवघ्या सहा-सात वर्षांपूर्वी बडोद्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मल्हारराव गायकवाडांवर आरोप आला की रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात त्यांनी सोमल आणि हिऱ्याची पूड घालवली. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज, तीन हिंदी. तिघा इंग्रजांना आरोप खरा वाटला, तिघा हिंदी सभासदांना तो सिद्ध झालेला वाटला नाही. तीन विरुद्ध तीन. आणि तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव गादीवरून उतरले, कारण म्हणे कारभार वाईट होता. कमिशनचा निकाल विरुद्ध गेला तर शिक्षा, बरोबरीत सुटला तरी शिक्षाच. ज्याने हे पाहिलं त्याने संस्थानातल्या सरकारी खुलाशावर भरवसा का ठेवावा?

बडोद्याला मल्हाररावांच्या जागी बसवलेला मुलगाही १८६३चाच, कोल्हापूरच्या राजाच्याच वयाचा. सयाजीराव. त्याच्या हाती पूर्ण अधिकार आले ते २८ डिसेंबर १८८१ला, म्हणजे बरोबर कोल्हापूरची चर्चा तापलेली असताना. एका दत्तक मुलाला वाजतगाजत कारभार मिळतोय आणि त्याच वयाच्या दुसऱ्या दत्तक मुलाला वेडा म्हणून कोंडलं जातंय. या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचल्या की कुठल्याही शहाण्या माणसाला प्रश्न पडायला हवा. त्यात १८७६ ते ७८चा दुष्काळ ताजा, १८७९चं वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड ताजं. सरकार काही सांगत नव्हतं. जिथे सरकार काही सांगत नाही तिथे लोक आपापसात सांगू लागतात, आणि ते काही बिनडोकपणाने नव्हे.

अशा वेळी पुण्यात काही पत्रं आली. बर्व्यांची म्हणून. त्यांच्या अक्षरातली म्हणून. त्यांतून महाराजांविरुद्धचा कट उघड होत होता.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट फारच सोयीस्करपणे बरोबर आली की शंका घ्यायची रीत आहे. चाचणी पहिल्या फटक्यात हिरवी झाली तर ती खरंच चालली का, हे आधी बघायचं. तर या पत्रांबाबत सोयीस्कर काय होतं? सगळंच. लोकांच्या मनातल्या शंकेला जे उत्तर हवं होतं ते, ज्याच्यावर संशय होता त्याच माणसाच्या हातचं, नेमक्या वेळी, आणि तेही पुण्यात. कट करणारा दिवाण आपला कट स्वच्छ अक्षरात लिहून, सही करून पाठवतो आणि ते कागद त्याच्या विरोधकांच्या हातात पडतात! आजच्या भाषेत ‘लीक’. पण ज्याने पत्र दाखवलं तो प्रतिष्ठित, त्याला ज्याने दाखवलं तोही प्रतिष्ठित. एकाचा भरवसा दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘माझ्या साडूचे मित्र मंत्रालयात आहेत’ ही जी ओळ येते, तिची ही आजी.

‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्या भरवशावर बर्व्यांना धरलं, आणि मिळमिळीत नव्हे तर पूर्ण ताकदीने. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली.

इथे एक विनोद आहे. त्या काळी देशी वर्तमानपत्रांच्या मुसक्या आवळणारा एक खास कायदा होता, लॉर्ड लिटनचा १८७८चा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट. त्याच्या नावाने देशभर खडे फोडले जात होते आणि १८८२ मध्ये रिपनने तो रद्दही केला. पण या दोन संपादकांना आत टाकायला त्या बदनाम कायद्याची गरजच पडली नाही. साध्या दंडसंहितेतलं बदनामीचं कलम पुरलं. तेच, मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० साली आलेलं, ४९९ आणि ५००. दोन वर्षांपर्यंत साधी कैद. दंडसंहिता गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आणि हे कलम ३५६ असा नवा नंबर लावून तसंच पुढे आलं. तेवढी समाजसेवेच्या शिक्षेची सोय नव्याने झाली. कमाल शिक्षा मात्र अजूनही दोनच वर्षं, आणि २०२३ साली सुरतच्या कोर्टाने एका खासदाराला ती अख्खी दिल्यावर त्याची खासदारकी कशी गेली हे आपण पाहिलंच. वादग्रस्त कायद्यांवर मोर्चे निघतात. कामं करतो तो कोपऱ्यातला जुना, बिनबोभाट कायदा. आमच्याकडेही तसंच असतं: सगळ्यांचं लक्ष नव्या मोड्यूलवर आणि सिस्टिम पडते ती दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेल्या चार ओळींनी.

बदनामीच्या कलमाला अपवाद आहेत. पहिलाच अपवाद असा की छापलेलं खरं असेल आणि ते छापणं लोकहिताचं असेल तर गुन्हा नाही. म्हणजे संपादकांचा सगळा बचाव एका खुंटीवर टांगलेला: पत्रं खरी असली पाहिजेत.

या खुंटीवर वजन टाकून जिंकलेला एक माणूस मुंबईत आधी होऊन गेला होता. करसनदास मुळजी, ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचा संपादक. वल्लभपंथी महाराजांच्या भक्त स्त्रियांशी असलेल्या वर्तनावर त्याने १८६० साली लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा दावा लावला आणि एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासच्या बाजूने गेला. (हीच गोष्ट सांगणारा सिनेमा २०२४ साली आला तेव्हा प्रदर्शनाआधीच कोर्टात अडकला होता. काही विषयांना मुरायला १६२ वर्षंही कमी पडतात.) पण करसनदास जिंकला तो कुणाच्या अक्षरातल्या पत्रांवर नाही. त्याच्या बाजूने डॉ. भाऊ दाजींसारखे लोक साक्षीला उभे राहिले, ज्यांनी महाराजांवर गुप्तरोगाचे उपचार स्वतः केले होते. नाव, गाव, हुद्दा असलेली माणसं, उलटतपासणीला हजर. कंटाळवाणा, कष्टाचा पुरावा. तो कुणीही घाईघाईने दुसऱ्याला पाठवत नाही.

आणि संशयास्पद पत्रं हातात पडल्यावर काय करायचं याचं दुसरं उदाहरण तर पुण्यातलंच होतं. १८७९ साली फडक्यांचं बंड चालू असताना आणि पुण्यात वाडे जळत असताना न्यायमूर्ती रानड्यांची बदली धुळ्याला झाली. सरकारला त्यांचा संशय होता. धुळ्यात त्यांच्या नावाने फडक्यांच्या सहीची पत्रं येऊ लागली. रानड्यांनी ती जपून ठेवली नाहीत, कुणाला दाखवली नाहीत, सरळ पोलिसांकडे पाठवून दिली. पुढे त्यांच्यावर पाळत होती हे उघड झालं. रमाबाईंनी आठवणींत हा प्रसंग लिहिलाय. म्हणजे कुणीतरी कुणाच्यातरी अक्षरात पत्रं लिहितं ही गोष्ट पुण्याच्या पुढाऱ्यांना नवी नव्हती. रानडे तेव्हा ३७ वर्षांचे आणि सरकारी नोकर, त्यांना सावध असणं भागच होतं. पंचविशीत सावध माणसं वर्तमानपत्र काढत नाहीत.

खटला मुंबईत चालला, आधी मॅजिस्ट्रेटसमोर, मग हायकोर्टात. हायकोर्टाची ती गॉथिक इमारत तेव्हा तीन-चार वर्षांचीच, चुनाही नीट वाळला नसेल. ‘ज्ञानप्रकाश’च्या संपादकांनाही कोर्टाची पायरी चढावी लागली. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर गेले, वय ३१. खटला चालू असतानाच घरातलं मोठं माणूस गेल्यासारखं झालं. खर्चासाठी वर्गण्या गोळा झाल्या. खुद्द कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी मदतीसाठी नाटक केलं आणि त्यात स्त्रीभूमिका केलेल्या एका मुलाचं नाव गोपाळ कृष्ण गोखले. पुढे टिळकांशी उभा दावा मांडलेला हा माणूस सार्वजनिक जीवनात पहिल्यांदा उतरला तो टिळकांसाठी लुगडं नेसून, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नाही कोण जाणे.

जामिनाची गोष्ट याहून विलक्षण आहे. १०,००० रुपयांचा जामीन हवा होता. तो दिला रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी. हे फुल्यांच्या वर्तुळातले, सत्यशोधक. ज्या टोळक्याच्या गुरूने फुल्यांची टर उडवली, त्याच टोळक्यातल्या पोरांसाठी फुल्यांच्या माणसाने थैली उघडली. या एका कृतीवर आजच्या दोन्ही बाजूंच्या वीरांनी दोन-दोन मिनिटं गप्प राहायला हरकत नाही. अर्थात राहत नाहीत. दोन्हीकडे हा प्रसंग सांगितला जातो, पण एकीकडे उपकार मोजून दाखवायला आणि दुसरीकडे ‘बघा, वाद नव्हताच’ म्हणायला.

कोर्टात पत्रं बनावट ठरली. खुंटीच निखळली. संपादकांनी माफी मागितली. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ छापाची नव्हे. पण बर्व्यांनी फिर्याद मागे घेतली नाही, आणि त्यांनी ती का घ्यावी हेही मला कळत नाही. आपल्या सांगण्यात बर्वे नेहमी खलनायकाच्या खुर्चीत असतात, कारण समोर टिळक-आगरकर आहेत. जरा बर्व्यांच्या जागी बसून बघा. तुमच्या अक्षराची नक्कल करून, तुमच्या सहीने, तुम्ही एका आजारी मुलाच्या जिवावर उठला आहात असं सगळ्या इलाख्यात छापून येतं. तुमच्या बाजूने कुणी नाटक करत नाही. १७ जुलै १८८२ला निकाल लागला: दोघांना चार महिन्यांची साधी कैद. तीन दिवसांपूर्वी आगरकरांना २६ पूर्ण झाली होती. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस सहा दिवसांनी डोंगरीच्या तुरुंगात उजाडला.

‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे आगरकरांचं छोटेखानी पुस्तक मी हिंजवडीच्या बसमध्ये फोनवर वाचलं. संध्याकाळी सहाला सुरू केलं आणि वाकड यायच्या आत संपलं, यावरून पुस्तक किती लहान आणि रहदारी किती मोठी याचा अंदाज यावा. त्यात रडगाणं नाही. तुरुंगाचं खाणं, कोंडी, दोघांच्या न संपणाऱ्या गप्पा आणि वाद. मुळात एलएल.बी. झालेल्या टिळकांना आणि एम.ए. झालेल्या आगरकरांना कुणीतरी खोटे कागद दाखवून गुंडाळलं होतं. दोघंही आपल्या पिढीतली अव्वल डोकी. शिक्षण वाढलं की अफवा कमी होतील असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मी ज्या ग्रुपवर सर्वाधिक भंपक संदेश वाचतो तो अभियांत्रिकीच्या बॅचचा आहे.

चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून २६ ऑक्टोबरला दोघे सुटले. तुरुंगाच्या दारात गर्दी, हार, गाड्या, मिरवणूक. मुंबईत स्वागताला सत्यशोधक मंडळी पुढे, पुण्यात पुन्हा स्वागत. खोट्या पत्रांवर विसंबून एका माणसाची बदनामी केल्याबद्दल, कबुली देऊन, शिक्षा भोगून ही माणसं बाहेर आली होती, आणि गर्दीला त्याचं काही नव्हतं. तेव्हा जेसीबी नव्हते, नाहीतर फुलं जेसीबीतून उधळली गेली असती. पुढे ‘केसरी’चा खप वाढतच गेला. तुरुंगात जाऊन आल्याने माणूस मोठा होतो हा आपल्या राजकारणातला नियम पुढे १८९७ आणि १९०८ला पक्का झाला, पण पाया डोंगरीत घातला गेला. आज आर्थिक गैरव्यवहारात आत जाऊन आलेल्यांच्या गाडीवर क्रेनने हार चढतो तेव्हा त्या पायावर केवढे मजले चढलेत ते दिसतं. (याच पुण्याने पुढे आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. गर्दी हार घालते ती माणूस वाचून नव्हे, याचा हा त्यांच्यापुरता पुरावा.)

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना थोडीफार ठाऊक असते आणि ती इथेच संपवली जाते. नायक आत गेले, नायक बाहेर आले. पण ज्या मुलाची काळजी वाटून हे सगळं सुरू झालं त्याचं काय?

पत्रं खोटी ठरली, आणि पत्रांबरोबर प्रश्नही खोटा ठरला. कोर्टात सिद्ध झालं होतं ते एवढंच की बर्व्यांनी ती पत्रं लिहिली नाहीत. महाराजांना कसं ठेवलंय, कोण सांभाळतंय, त्यांच्या आजारावर काय उपचार चालू आहेत, कारभार कधी मिळणार, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कोर्टाने दिलं नव्हतं, तसं ते त्याचं कामही नव्हतं. पण आता हे प्रश्न विचारणारा प्रत्येकजण ‘ते बनावट पत्रंवाले’ होता. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आलं. हाच तो किल्ला, जिथे पुढे नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. महाराजांच्या देखभालीला ग्रीन नावाचा एक गोरा सोल्जर होता. डॉक्टर नाही, सोल्जर. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीनशी झालेल्या झटापटीत महाराज मरण पावले. वय २०. फ्लॉरेन्सला गेलेल्या राजारामांचंही तेवढंच होतं.

ज्यांनी ती पत्रं बनवली त्यांना बहुधा या मुलाचं भलंच करायचं असेल. खरं असलेलं पटवायला पुरावा कमी पडतोय, तर तो आपण तयार करू, असा काहीसा विचार. आजही मला हाच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. निखळ खोटं पसरवणारे फार थोडे असतात. ‘तपशील चुकला असेल, पण मुद्दा बरोबर आहे ना?’ म्हणणारे घरोघरी आहेत. ते मोर्चाच्या बातमीला दुसऱ्याच मोर्चाचा फोटो जोडतात, महागाईवर बोलताना पाच वर्षांपूर्वीचं बिल टाकतात. आणि दुसरी बाजू बिल तेवढं खोडून काढते आणि महागाई नाहीच असं सिद्ध झाल्यासारखी निघून जाते.

कधीकधी तर कागद खरा असला तरी असंच होतं. १४ एप्रिल २०२०. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा सकाळी झाली आणि दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर हजारो मजूर जमले, गावी जायला गाड्या सुटणार आहेत असं ऐकून. लाठीमार झाला. गर्दी मशिदीजवळ जमली होती एवढ्यावरून काही वाहिन्यांनी लगेच वेगळाच कट शोधून काढला. एका मराठी वाहिनीच्या वार्ताहराला विशेष गाड्यांची बातमी दिल्याबद्दल अटक झाली, पुढे जामीनही मिळाला. वाहिनीचं म्हणणं होतं की बातमी रेल्वेच्या अंतर्गत पत्राच्या आधारे दिली होती. मग दोन दिवस सगळा महाराष्ट्र अफवा कुणी पसरवली यावर बोलत होता. त्या माणसांकडे पैसे संपलेत, खोलीत दहा-दहाजण कोंडलेत आणि त्यांना घरी जायचंय, ही काही अफवा नव्हती. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या, म्हणजे सतरा दिवसांनी. जे ऐकून लोक जमले ते चूक होतं, आणि जे मागायला जमले ते सरकारनेच नंतर दिलं. मधल्या सतरा दिवसांत किती जण पायी निघाले ते आपण टीव्हीवर बघितलं.

यावर उपाय म्हणून आमच्या धंद्याने काय केलं? मोजमाप. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना गावकऱ्यांनी ठेचून मारलं. देशभर अशा घटना चालल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. इंजिनिअर म्हणून मला ही युक्ती कळते: वेग कमी करा, आग पसरायला वेळ लागेल. पण १८८१ साली पत्रं हातोहात फिरत होती, छापखाने हाताने चालत होते, वेग बैलगाडीचा होता, तरी व्हायचं ते झालंच. सरकारने सुचवलेला उपाय दुसरा. खरं काय ते आम्हीच सांगू. सरकारबद्दलची बातमी खोटी आहे का हे ठरवायला सरकारचाच एक फॅक्ट चेक विभाग, अशी तरतूद २०२३च्या नियमांत आली. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली. त्याच हायकोर्टाने, जिथे बर्व्यांची पत्रं बनावट ठरली होती. १८८१ साली असा विभाग असता तर त्याने ‘बर्व्यांची पत्रं: फेक’ असं लाल अक्षरात छापलं असतं आणि ते शंभर टक्के खरं असतं. ‘महाराज सुखरूप आहेत’ हेही त्याच शाईत छापलं असतं.

डोंगरीतल्या दिवसांत आगरकर आणखी एका कामाला लागले होते, शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतराला. राजपुत्राला खरंच वेड लागलंय, की तो सोंग करतोय, की दरबाराला तो वेडा असणं सोयीचं आहे, यावर चालणारं हे नाटक. कोल्हापूरच्या प्रकरणात तुरुंगात बसलेल्या माणसाने सगळा शेक्सपिअर सोडून नेमकं हेच का घेतलं असावं, यावर मला अजून काही खात्रीचं वाचायला मिळालेलं नाही. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ साली छापून आलं. त्याच वर्षीच्या नाताळात नगरच्या किल्ल्यातला राजा गेला, आणि पुढच्या मार्चमध्ये कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचं नाव शाहू ठेवण्यात आलं.